कोतवालाचं वाहन

काशीत कुत्र्याला खायला घाला, असं कुणाला सांगावं लागत नाही. कालभैरव इथला कोतवाल आणि कुत्रा त्याचं वाहन. देवळातून काळा गंडा बांधून निघालेला भाविक वाटेतल्या कुत्र्यापुढे बिस्किटं, मिठाई टाकल्याशिवाय पुढे सरकत नाही. (गोडधोड त्याच्या पोटाला बरं नव्हे, हे तिथं सांगायची सोय नाही.) लशीची तारीख मात्र कुणाच्याच ध्यानात नसते. घास अख्ख्या गल्लीचा, दुखणं एकट्या कुत्र्याचं.

दुर्गाघाटाच्या जुन्या मराठी वस्तीत माझी मावशी राहते. तिच्या दारातल्या भैरू कुत्र्याला लस टोचायला डॉक्टर हवा म्हणून दूधवाल्याला विचारलं. त्यानं अगदी खात्रीचा माणूस सांगितला, पण म्हशींचा. कुत्र्यामांजरांचे दवाखाने सिगरा, महमूरगंज, लंका अशा मोकळ्या भागांत. तिथं जायला रिक्षा मैदागिनवर मिळणार, आणि मैदागिनपर्यंत दर वळणावर निराळ्या टोळीचं राज्य. परका कुत्रा दिसला की सगळी फौज दात विचकून उभी. जनावरांचा फिरता सरकारी दवाखाना १९६२ या क्रमांकावर मिळतो. पण बोळात जिथं दोन माणसं अंग चोरून जातात, तिथं गाडी कुठून शिरणार? शेवटी घरी येणारा डॉक्टर गाठला.

मावशीचा मुद्दा वेगळाच होता. "इथं देह ठेवणाऱ्याच्या कानात शंकर स्वतः तारक मंत्र सांगतो. माणूस की कुत्रा, बघत नाही. मग सुई कशाला टोचायची?"

"मोक्षाची सोय आहे गं, पण पिसाळला तर चावेल समोरच्या घरातल्या पोराला!"

हे तिला पटलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यावर इलाज नाही. चावल्याबरोबर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच इंजेक्शनं सुरू करायची, एवढंच हातात असतं.

डॉक्टर सकाळीच आले. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि मे महिन्यात काशीचा पारा ४५ला टेकतो, म्हणून ती बर्फाच्या थर्मासात होती. मावशीनं भैरूचं डोकं मांडीत धरलं, सुई कधी गेली ते त्याला कळलंही नाही. मग डॉक्टरांनी कुपीवरचं लेबल नखानं अलगद सोडवून कार्डावर चिकटवलं, तारीख घातली, आणि मालकाच्या रकान्याशी पेन थांबलं. मावशी म्हणाली, "कालभैरव लिहा." डॉक्टर हसले आणि तिचंच नाव लिहून फोन नंबर विचारला.

मला जया आठवली. याच शहरातली रस्त्यावरची कुत्री. २०२३ मध्ये एका डच बाईंनी तिला आपल्या देशी न्यायचं ठरवलं. कुत्रीला पासपोर्ट मिळाला म्हणून वर्तमानपत्रांनी केवढं कौतुक केलं! मला कौतुक वाटतं ते मधल्या थांबण्याचं. भारतातून युरोपात कुत्रा न्यायचा तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर निदान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि नमुना दिल्यापासून पुढे तीन महिने. बाईंना मुक्काम लांबवावा लागला. तेवढे दिवस एका बेवारस जिवाच्या तारखा कुणीतरी सांभाळत होतं.

भैरूची तारीख सांभाळायला मावशीनं स्वतःचीच युक्ती काढली: दर वर्षी कालभैरव जयंतीला लस द्यायची, त्या दिवशी कुत्र्यांना कोण विसरतं? डॉक्टरांनी मान हलवली. तिथीनं चाललात तर अधिक मासाच्या वर्षी मध्ये ३८४ दिवस जातील, म्हणाले.

मावशी पंचांग घेऊन आली. "कुठल्या साली येतोय अधिक, ते बघूनच खूण करते. त्या वर्षी तुम्ही आधी या."