टोकं धरून, टोकं सोडून

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात मराठी आणि शाळेत गुजराती. त्यामुळे विवृत अंतराल, संवृत अंतराल हे शब्द मला पहिल्यांदा भेटले ते गुजराती अक्षरांत. दोन ते पाचमधल्या साऱ्या संख्या टोकं सोडून घेतल्या की विवृत, टोकं धरून घेतल्या की संवृत. एरवी ‘पाच तारखेपर्यंत’ म्हटलं की पाच तारीख धरायची की नाही, हे विचारूनच घ्यावं लागतं. गणिताला असं मोघम चालत नाही.

विवृत-संवृत हे शब्द आले उच्चारशास्त्रातून. तोंड किती उघडतं, त्यावरून स्वर विवृत की संवृत ते ठरतं. पाणिनीच्या अष्टाध्यायीचं अगदी शेवटचं सूत्र याच भेदावर आहे: शास्त्राच्या सोयीसाठी विवृत मानलेला ‘अ’ तिथे पुन्हा बोलण्यातला संवृत ‘अ’ होतो. गुजरातीत तर ए आणि ओ आजही दोन्ही तऱ्हांनी उच्चारले जातात. म्हणजे बडोद्याच्या मुलाच्या तोंडात हा भेद गणिताच्या आधीपासून असतो!

पोलिश भाषेतही गणितातल्या ‘बंद’ला वेगळा शब्द आहे. तिथे बंद दाराला ‘झामक्न्येंती’ म्हणतात. अंतरालासाठी मात्र ‘दोमक्न्येंती’, पुरतं मिटलेलं. इंग्रजीत नेताना दोन्हींचं ‘क्लोज्ड’च होतं. मला हे नुकसान वाटतं. कारण दार एकाच वेळी उघडं आणि बंद असू शकत नाही. रिक्त संच मात्र विवृतही असतो आणि संवृतही. डावं टोक धरून उजवं सोडलं, तर ते अंतराल यांपैकी काहीच नसतं. दाराचे शब्द इथे मुलांना अडवतात. विवृत-संवृत अडवत नाहीत.

परिभाषेची ही आच या शहराची जुनी. १८९० साली महाराजा सयाजीराव गायकवाडांनी कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जरांनी तिथे तंत्रविद्या देशी भाषांतून शिकवण्याचा ध्यास घेतला. १९३१ साली सयाजी शासन शब्दकल्पतरू निघाला. कारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडलेले. एका संस्थानाने एवढं करावं, याचं मला आजही अप्रूप आहे.

आता इथली मुलं ‘ओपन’, ‘क्लोज्ड’ म्हणतात. म्हणू देत. पण गणित शिकवणाऱ्यांनो, फळ्यावर कंस काढण्याआधी एकदा त्यांना ‘अ’ आणि ‘आ’ म्हणायला लावा, आणि तोंड कसं उघडतं ते पाहायला सांगा.