हिरण्यकेशीकाठचे माहेर आणि वहिनींचा लॅपटॉप

कोल्हापूरहून गडहिंग्लजला निघालेली एस.टी. कागल सोडते आणि थोड्याच वेळात दुकानांच्या पाट्या कानडी होतात. निपाणी, संकेश्वर कर्नाटकातले; मग गाडी उजवीकडे वळून पुन्हा महाराष्ट्रात शिरते. माहेरी जायला परराज्यातून जावे लागते याची सासरी अजून थट्टा होते. मी मात्र उतरल्या उतरल्या "आलो गं वहिनी!" म्हणते. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात. पुण्यात हे 'आलो-गेलो' सोडायला मला दोन वर्षे लागली!

फेब्रुवारीचे दिवस होते. बाजारात लाल जवारी मिरचीचा खाट डोळ्यांत जात होता. ही संकेश्वरी मिरची, लांब, बारीक, सुरकुतलेली. वर्षाचे तिखट करायचे तर हीच, असे आमची आई म्हणे. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर मुले फुटबॉल खेळत होती. आमच्या गावाला क्रिकेटइतकेच फुटबॉलचे वेड, अगदी पिढ्यान्‌पिढ्या. सगळे जिथल्या तिथे होते. घरात मात्र वहिनींचा चेहरा उतरलेला.

वहिनी बेचाळीस वर्षांच्या. बारावीनंतर लग्न झाले, शिक्षण तिथेच थांबले. गेल्या वर्षी त्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले. नाशिकचे हे विद्यापीठ १९८९ साली निघाले ते अशांसाठीच. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर पुस्तके वाचून डोळे दुखतात, म्हणून भिशीच्या पैशांतून नऊ हजारांना जुना लॅपटॉप घेतला. दादाला घेतल्यावर सांगितले. आणि घरी आणून बघतात तो त्याला वाय-फाय लागेचना! दुकानदार म्हणाला, "जुना माल आहे ताई, परत घेत नाही." दादा काही बोलला नाही. नुसता हसला. ते हसणे वहिनींना जास्त लागले.

"वन्सं, पैसे पाण्यात गेले काय हो?"

मला यातले थोडे ठाऊक होते. मुलाच्या यंत्राची अशीच दुरुस्ती शेजारी बसून पाहिली होती. लॅपटॉप बंद केला, पालथा घातला, आधी बॅटरी काढली, मग मागच्या झाकणाचे स्क्रू. स्क्रू हळदीकुंकवाच्या करंड्यात ठेवले, नाहीतर ते हटकून हरवतात. आत बघतो तर वाय-फायचे कार्डच नाही! कोणीतरी काढून घेतलेले. रिकामी खाच आणि चिकटपट्टी लावलेल्या दोन बारीक तारा, एक काळी, एक पांढरी. या तारा बिजागरीतून वर पडद्याच्या चौकटीत जातात. तोच त्याचा अँटेना. म्हणजे घर होते, दार होते, माणूस तेवढा नव्हता.

ओळखीच्या एका मुलाने बंद पडलेल्या दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमधले कार्ड दिले. खाचेत चपखल बसले. चालू केले तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत ताकीद: हे कार्ड चालणार नाही, काढा. पुढे काही हलेना. वहिनींच्या डोळ्यांत पाणी. दादा दारात उभा. "काय करालाय दोघी? आता जळवा ते पुरते!"

जळाले काही नव्हते. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपांत मान्य कार्डांची यादीच भरलेली असते; यादीबाहेरचे आले की यंत्र पुढे जात नाही. ती यादी कंपनीच्या दुरुस्तीपुस्तिकेत मॉडेलनुसार सापडते. मोबाईलवर ती शोधून वहिनींनी भाग क्रमांक वहीत उतरवला आणि तेच जुने कार्ड साडेतीनशे रुपयांना मागवले. मागवताना उंचीही बघावी लागते: मिनी पीसीआय एक्सप्रेसची कार्डे अख्खी आणि अर्धी अशी दोन मापांत येतात, आणि नव्या यंत्रांतले एम.२ कार्ड या खाचेत बसतच नाही. इतकी उस्तवार नको असेल तर यूएसबीला लावायची वाय-फायची छोटी कांडी घ्यावी, मी कोणालाही आधी तेच सांगेन. पण वहिनींच्या लॅपटॉपच्या यूएसबीच्या दोन जागा बिघडलेल्या, उरलेली एक माऊसला लागते.

कार्ड आल्यावर मी हात लावला नाही, नुसती बॅटरी धरली. वहिनींनी अंगातली वीज उतरावी म्हणून आधी नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावला. मग कार्ड तिरके सरकवून खाली दाबले, स्क्रू लावला. तारांची टोके म्हणजे अगदी ब्लाउजची टिचबटणे, पण मोहरीएवढी. नखाने बरोबर मध्ये धरून दाबायची. तिरकी दाबली तर वाकतात. वहिनींनी आयुष्यभर टिचबटणे लावलेली, त्यांना ते पहिल्याच खेपेला जमले.

ताकीद आली नाही. घरच्या वाय-फायची दोन नावे आहेत, त्यातले एकच दिसले. हे जुने कार्ड २.४ गिगाहर्ट्झच पकडते, ५ चे नाव त्याला दिसत नाही. चालते. पुस्तके त्यावर आरामात उतरतात.

रात्री जेवणे झाल्यावर वहिनी समाजशास्त्राचे पान उघडून बसल्या. दादा पाट ओढून शेजारी आला, थोडा वेळ गप्प बसला.

"ते राहू दे जरा. आजचा मिरचीचा दर काय निघाला बघ की त्यावर."

"एवढं पान वाचून होऊ द्या," वहिनी म्हणाल्या. दादा थांबला.