‘लागलं तर असू दे!’

खरं सांगायचं तर आम्हाला अंदमानला जायचं होतं. आम्ही चौघी: मी, माझी शाळेतली मैत्रीण (ती पुढे शाळेतच मास्तरीण झाली आणि तिथूनच निवृत्त झाली), बँकेत कॅशिअर होती ती, आणि समोरच्या वहिनी. वयं बावन्नपासून एकसष्टपर्यंत. यजमान नाहीत, मुलं नाहीत, पाठीला सॅक लावायची आणि बेटांवर मनसोक्त हिंडायचं, असा बेत भिशीच्या दिवशी ठरला. विमानाच्या तिकिटांचे आकडे ऐकल्यावर मात्र वहिनी म्हणाल्या, “अगं, आधी आपल्याच जिल्ह्यात चार दिवस ओझं उचलून बघू या. नाहीतर तिकडे उतरून हमाल शोधत बसायची वेळ यायची!”

मग ठरलं ते भंडारदरा, रतनवाडी, रतनगड आणि पायांनी साथ दिली तर कळसूबाई. दिवाळी उरकली, फराळाचे डबे घासून पालथे घातले आणि मी सॅक भरायला बसले.

इथेच माझं चुकलं. तीस वर्षं मी घरातल्या सगळ्यांच्या बॅगा भरत आले आहे, आणि प्रत्येक बॅगेत ‘लागलं तर असू दे’ म्हणून काही ना काही कोंबत आले आहे. यंदाही दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपापडी, मेतकूट इथपर्यंत ठीक होतं. पण लोणच्याची काचेची बरणी, दोन जादा चादरी, चौघींना पुरेल एवढी औषधं, सुईदोरा, कापराच्या वड्या, एक स्टीलचं पातेलं... मुलाने वजनकाट्यावर सॅक ठेवली तर साडेअकरा किलो! मी म्हटलं, त्यात काय एवढं? गॅसचा सिलिंडर सरकवतेच की मी.

घर सोडताना जीव थाऱ्यावर नव्हता, तो वेगळ्याच कारणाने. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या. गेली सहा वर्षं त्यांना नीटसं आठवत नाही. त्यांचं न्हाणं, खाणं, गोळ्या सगळं माझ्याच हातचं. मुलगा-सून म्हणाले, “आई, आम्ही बघतो, तू जा.” मी कागदावर वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं. रस्त्याने निघालेसुद्धा, तरी परत वर जाऊन एकदा वाचून आले.

एसटीत बायकांना २०२३ सालापासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात झाला. नगर, संगमनेर, अकोले, राजूर. जसजसं पश्चिमेला जावं तसतसा जिल्हा बदलत जातो. आमच्या नगरात वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर म्हणजे पुष्कळ. आणि याच जिल्ह्यातल्या घाटघर-रतनवाडीला एखाद्या वर्षी तो पाच हजारांच्याही पुढे जातो. राजूरला पेढे घेतले. (तेही माझ्याच सॅकमध्ये आले, हे सांगायला नकोच.) संध्याकाळी शेंडीला उतरलो. समोर प्रवरेवरचं विल्सन धरण. १९१० साली त्याचं काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं आणि तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरांचं नाव त्याला मिळालं. याच पाण्यावर खाली उसाचे मळे उभे राहिले, लोणीचा सहकारी साखर कारखाना निघाला. आपल्या चहातली साखर कुठून येते, ते भिंतीशी उभं राहिल्यावर कळतं.

दुसऱ्या दिवशी जीपने कोलटेंभ्यापर्यंत गेलो आणि तिथून रतनवाडीपर्यंत पायी. उजव्या हाताला जलाशयाचं निळं पाणी, डावीकडे डोंगर, खाचरांत कापलेल्या भाताचे भारे. पण मला यातलं फारसं दिसलंच नाही! पट्टे खांद्यात रुतत होते, मान वाकली होती, डोळ्यांपुढे फक्त वहिनींच्या चपला. कॅशिअरबाई अधूनमधून थांबून म्हणायच्या, “काही काढून देतेस का माझ्याकडे?” आणि मी ‘छे, काही नाही गं’ म्हणून पुढे. हा आपला हट्टीपणा आपल्या आया-आज्यांपासून आलेला असणार.

मैत्रिणींनो, सॅकबद्दल तिथे शिकलेली एक गोष्ट सांगून ठेवते. जड वस्तू तळाशी किंवा बाहेरच्या कप्प्यात घालू नये. पाठीला लागून, मधोमध ठेवावी. आणि कमरेचा पट्टा शोभेचा नसतो. तो कटीच्या हाडावर घट्ट आवळला की भार खांद्यांवरून खाली उतरतो. मूल कडेवर घेतो तेव्हा नाही का आपण त्याला कमरेच्या हाडावर टेकवत? तेच हे.

रतनवाडीत एका महादेव कोळी कुटुंबाकडे उतरलो. घरधनीण चाळिशीची, काटक. तिने माझी सॅक एका हाताने उचलून ओट्यावर ठेवली आणि विचारलं, “ताई, ह्यात काय दळणबिळण आणलंय का?” सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. थकव्याने असेल.

संध्याकाळी अमृतेश्वराच्या देवळात गेलो. शिलाहारांच्या काळातलं म्हणतात. काळ्या दगडातलं कोरीवकाम पाहत राहावं असं, आणि बाहेर चौकोनी कुंड, त्याच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. रात्री नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. घरधनीण सांगत होती, एवढा पाऊस पडतो, पुढ्यात धरण, पण चैत्र-वैशाखात हंडे घेऊन झऱ्यावर जावंच लागतं. पाणी खाली वाहून जातं, वर थांबत नाही. डोक्यावर दोन, कडेवर एक. ती हे कुरकुरत सांगत नव्हती. मी आपली माझ्या खांद्यांना बाम चोळत बसले होते, ते मुकाट्याने थांबवलं.

तिथे मोबाइलला रेंज नव्हती. सासूबाईंना झोपेची गोळी दिली असेल का, रात्री त्या उठून दार उघडून तर गेल्या नसतील, असं करता करता पहाट झाली. मास्तरीणही जागीच होती. म्हणाली, “परत जायचं असेल तर सकाळी जीप मिळेल. मी येते सोबत.” कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं, या बोलण्यावर मला काही उत्तरच सुचेना.

सकाळी मी सॅक उपडी केली. बरणी, चादरी, पातेलं, निम्मी औषधं ओट्यावर ठेवली. पाणी, दशम्या, स्वेटर एवढंच घेऊन रतनगडाची वाट धरली.

जंगलातून दोनेक तास चढ. मग कड्याला टेकवलेल्या लोखंडी शिड्या. पहिल्या शिडीपाशी वहिनींच्या गुडघ्याने नकार दिला. त्या खालीच सावलीत बसल्या आणि कॅशिअरबाई त्यांच्याजवळ थांबल्या. मी मात्र चढले. मागे मास्तरीण, “वर बघ, खाली बघू नकोस” असं पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगत होती. गणेश दरवाजा, रत्नादेवीची गुहा, आणि मग माथ्यावरचं नेढं, कातळाला आरपार पडलेलं प्रचंड भोक. वारा असा की पदर खोचलेला असूनही हातात धरावा लागला. समोर अलंग, मदन, कुलंग आणि त्यांच्या पलीकडे १६४६ मीटरचं कळसूबाईचं शिखर, राज्यातलं सर्वांत उंच.

आणि तेवढ्यात पिशवीतला मोबाइल किणकिणला. रेंज आली होती! मुलाचे तीन निरोप. पहिला: आजी जेवल्या. दुसरा: आजी शांत झोपल्या. तिसरा: “आजीने तुझी आठवणसुद्धा काढली नाही, तेव्हा तू अजिबात काळजी करू नकोस.”

बिचाऱ्याने चांगल्या मनानेच लिहिलं होतं. मी तो निरोप दोनदा वाचला. मास्तरणीने विचारलं, “सगळं ठीक ना?” म्हटलं, “ठीक आहे.” दशम्या सोडल्या. दोघींनी मिळून चार खाल्ल्या, वहिनींसाठी दोन ठेवल्या.

उतरून आलो तेव्हा घरधनिणीने लोणचं उघडून आमच्यासाठी भाकरीबरोबर वाढून ठेवलं होतं. बरणी तिलाच दिली, चादरीही. दुसऱ्या दिवशी बारीला जायचं होतं, कळसूबाईसाठी. वहिनी गुडघ्याला पट्टा बांधत म्हणाल्या, “मी पायथ्याशी बसेन, पण येणार.” मी सॅक उचलून पाहिली. पाचेक किलो असेल.