योग्य उपकरण

‘व्यवहारासाठी योग्य उपकरण बाळगणे ही सर्वस्वी ग्राहकाची जबाबदारी आहे,’ हे एका बँकेने मला लेखी कळविलेले वाक्य, आज इतका काळ लोटला तरी, माझ्या मनातून जात नाही. आणि ते जात नाही याचे कारण त्यातील भाषा उद्धट आहे हे नव्हे, कारण भाषा सभ्यच आहे, तर ज्या उपकरणाला त्या वाक्याने अयोग्य ठरविले ते त्या दिवशीही माझ्या खिशात निर्वेध चालत होते, हे आहे.

मागची हकीकत थोडक्यात सांगतो. मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि २०१८ साली अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालो. साताऱ्यास घर आहे, मुलगी पुण्यात असते, पुतण्या शेजारच्याच आळीत राहतो. माझा पहिला मोबाईल नोकियाचा ११०० होता. २००३ साली बाजारात आलेला, धूळ आत शिरणार नाही असा कळफलक असलेला आणि डोक्यावर विजेरी बसविलेला तो फोन जगभरात पंचवीस कोटींहून अधिक खपला असे सांगतात, आणि त्याचे मला नवल वाटत नाही. कारण २००५ च्या जुलैतील अतिवृष्टीत पाटणकडच्या खेड्यांतून पंचनामे करीत फिरत असताना, वीज गेलेल्या घराच्या ओसरीवर त्या विजेरीच्या उजेडात मी कागद पुरे केले आहेत. ज्या वस्तूने अडचणीत साथ दिली तिच्या घराण्याविषयी मनात आदर उत्पन्न होणे स्वाभाविक आहे, आणि त्या आदरापोटीच २०१३ साली मी लुमिया ५२० घेतला. नोकियाने २०११ च्या फेब्रुवारीत आपली जुनी प्रणाली बाजूस सारून मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केली होती आणि लुमिया हे त्या संबंधाचे अपत्य होते, एवढेच मला ठाऊक होते. पुढे २०१४ साली नोकियाचा फोनचा सारा कारभारच मायक्रोसॉफ्टकडे गेला, त्याच वर्षअखेरीस चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला, आणि मी लुमिया ६४० घेतला तेव्हा त्यावर नोकियाचे नाव उरलेही नव्हते. पण तोवर माझे मन त्या रंगीत चौकटींच्या पडद्यावर जडले होते. एका चौकटीत आलेल्या संदेशांची संख्या, दुसरीत हवामान, तिसरीत दिवसाचे काम, असे सारे काही न उघडताच दिसावे ही व्यवस्था मला आजही, दुसऱ्या प्रणालीचा अनुभव घेतल्यानंतरही, अधिक सुबुद्ध वाटते.

त्या प्रणालीचा अंत व्हायचा होता आणि तो झाला. २०१७ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टच्या जबाबदार अधिकाऱ्याने, फोनसाठी नव्या सुधारणा करण्यावर यापुढे भर राहणार नाही, असे जाहीर केले. खुद्द बिल गेट्स यांनी त्याच सुमारास आपण अँड्रॉइड फोन वापरतो असे सांगितले. पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या आणि २०१९ च्या डिसेंबरच्या ३१ तारखेस व्हॉट्सॲपही बंद झाले. या कोणाविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी मुदत आगाऊ जाहीर केली होती, आणि ज्याने सबंध नोकरी मुदतींच्या आधारे केली त्याला आगाऊ सांगितलेल्या मुदतीवर रुसता येत नाही. माझी तक्रार निराळ्या ठिकाणी आहे.

२०२० च्या जानेवारीत माझ्या एका ठेवीची मुदत भरली. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून ठेवलेली ती ठेव मला मोडून, अर्धी रक्कम मुलीच्या घराच्या हप्त्यासाठी द्यायची होती आणि उरलेली पुन्हा ठेवायची होती. हे काम पूर्वी खिडकीवर होत असे. आदल्या वर्षी त्याच शाखेने आपण होऊन माझ्या फोनवर आपले ॲप बसवून दिले होते आणि यापुढे ठेवींची कामे तेथूनच करावीत असे आग्रहाने सांगितले होते. तशी पाटीही त्या खिडकीवर लागली होती. मी ते ऐकले, शिकून घेतले, वापरू लागलो. आणि आता ते ॲप उघडताच, या फोनवर ही सेवा उपलब्ध नाही, एवढाच मजकूर येऊ लागला. मी शाखेत गेलो.

खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिने माझा फोन हातात घेऊन पाहिला आणि अगदी मायेने सांगितले, “काका, हा फोन जुना झालाय. नवा घ्या, पाच मिनिटांत काम होईल.”

“फोन चालतो आहे. आत्ता तुमच्याच शाखेला लावून दाखवतो.”

“फोन चालतो हो, पण आमचं ॲप त्याच्यावर चालत नाही ना.”

“मग जे चालत नाही ते तुमचं ॲप आहे. जुना माझा फोन कसा झाला?”

तिच्याजवळ याचे उत्तर नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. तिने मला व्यवस्थापकांकडे पाठविले. त्यांनी बसावयास खुर्ची दिली, चहा विचारला, आणि सांगितले की ठेवीचे ते काम शाखेतून करण्याची सोय आता सिस्टीममध्ये ठेवलेली नाही. मी म्हटले, “ठीक आहे. एवढेच मला लेखी द्या.” त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेले आश्चर्य खरे होते. “लेखी काय द्यायचं त्यात?” असे त्यांनी विचारले, आणि मला जाणवले की नाकारण्याचे कारण कागदावर मागणे हा नागरिकाचा अधिकार आहे, ही समजूतच त्या दालनात शिल्लक नव्हती. मी तेथेच बसून अर्ज लिहिला, आवक-बारनिशी कोठे आहे ते विचारले, ती कोणास ठाऊक नव्हती असे दिसल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागितली, आणि ती मिळेपर्यंत बाकावरून हललो नाही.

त्या बाकावर माझ्याजवळ एक म्हातारी बसली होती. तिच्या हातात बटणांचा साधा फोन होता. तिच्या बाबतीत प्रणालीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तिलाही ठेवीचेच काम होते आणि तिला सांगण्यात आले होते की नातवाला पाठवा, त्याच्या फोनवर करून देऊ. “आन् पैसं त्याच्या हातात दिल्यागतच झालं की,” असे ती मला हळू आवाजात म्हणाली. नातू वाईट आहे असे तिने सुचविले नाही. पण जन्मभर स्वतःच्या अंगठ्यावर व्यवहार केलेल्या बाईला आता आपल्या पैशाची गुप्त खूण दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचा सल्ला एक बँक देत होती, आणि तो सल्ला देताना आपण काही विपरीत बोलत आहोत असे कोणालाही वाटत नव्हते. माझ्या अर्जात मी तिचेही गाऱ्हाणे घालावयास हवे होते काय, हा विचार मला नंतर पुष्कळदा आला. परंतु अर्ज ज्याचा त्याने करावा हा खात्याचा दंडक माझ्या हाडीमाशी खिळलेला आहे आणि तो मला आजही योग्य वाटतो.

अर्जाला उत्तर आले ते आरंभी दिलेले वाक्य. मधल्या काळात ठेवीचे नूतनीकरण आपोआप, पूर्ण रकमेचे आणि तेव्हाच्या कमी दराने होऊन गेले होते.

ज्या सरकारी खात्यांना लोक दिरंगाईची उदाहरणे म्हणून नावे ठेवतात, त्यांपैकीच एकाने असाच बदल कसा केला हे मी आतून पाहिले आहे, म्हणून हा अन्याय मला अधिक बोचतो. सातबारा संगणकावर घेताना हस्तलिखित आणि संगणकीय उताऱ्यांत तफावती राहिल्या, तेव्हा २०१७ साली राज्यभर चावडी वाचन घेण्यात आले. गावोगाव तलाठ्याने लोकांना बोलावून नोंदी मोठ्याने वाचावयाच्या, ज्याची हरकत असेल त्याने ती सांगावयाची, आणि तिची नोंद घ्यावयाची. त्यात कसूर झाली नाही असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्यापाशी संगणक नाही त्याने योग्य उपकरण घेऊन यावे, असे त्या मोहिमेत कोणी कोणाला सांगितले नाही. बदल राज्याने आरंभिला होता, म्हणून वाचून दाखविण्याचा भार राज्याने उचलला.

फोनच्या निवडीविषयी जे वादविवाद होतात त्यांत ग्राहक निवड करतो असे गृहीत धरलेले असते. माझा अनुभव तसा नाही. प्रत्येक प्रणालीसाठी ॲप निराळे लिहावे लागते, त्याची देखभाल निराळी करावी लागते. जिचे वापरणारे थोडे तिच्यासाठी हा खर्च कोणी करीत नाही, आणि ॲप नाहीत म्हणून नवे वापरणारे येत नाहीत. या चक्रात चांगली वस्तू हरते. गेट्स यांनी २०१९ साली एका जाहीर मुलाखतीत म्हटले होते की ॲपल वगळता आणखी एकाच प्रणालीस बाजारात जागा होती आणि ती आपल्या हातून निसटली. म्हणजे निष्ठा ठेवणाऱ्याने कितीही ठेवली तरी तिचा निकाल बँका, दुकानदार आणि आप्तेष्ट लावतात. ग्राहकाच्या वाट्याला निकालाची नक्कल येते.

नवा फोन घेणे प्राप्तच होते. मुलगी पुण्याहून आली तेव्हा पुतण्याही बसला होता, आणि दोघांचे जे भांडण जुंपले ते पाहून मी थक्क झालो. “बाबा, तुम्ही आयफोनच घ्या,” असे ती म्हणे. यंत्र आणि प्रणाली एकाच घरची, दुरुस्त्या सर्व फोनांना एकाच वेळी आणि वर्षानुवर्षे मिळतात, असा तिचा युक्तिवाद होता. पुतण्या म्हणे, “काका, तेवढ्या पैशांत तीन फोन येतील, आणि बिघडला तर मोती चौकात कोणीही दुरुस्त करील.” पैशांचे भीम ॲप २०१६ च्या डिसेंबरात आले ते आधी अँड्रॉइडवर, आयफोनवाल्यांना फेब्रुवारीपर्यंत थांबावे लागले, हा दाखला त्याने तोंडावर फेकला, त्यावर ती म्हणाली, “दादा, दोन महिन्यांनी काय बिघडलं?” दोघेही शहाणी, मिळवती माणसे, त्या कंपन्यांत दोघांपैकी कोणाचा एक समभाग नाही, तरी भावकीतील माणसे वतनाच्या हद्दीवरून भांडावीत तसा त्यांचा आवाज चढला होता. ज्या दोन दरबारांसाठी हे चालले होते त्यांची मुख्य ठाणी, ॲपलचे क्युपर्टिनो आणि अँड्रॉइडवाल्या गूगलचे माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्नियातील सान्ता क्लारा या एकाच जिल्ह्यात आहेत. साऱ्या जगाला दिलेली निवड अखेर एका जिल्ह्याच्या हद्दीत मावते, ही गोष्ट महसुलातल्या माणसाच्या मनाला लागल्यावाचून राहत नाही.

दुकानात मी दोन्ही यंत्रांवर ‘दऱ्याखोऱ्यांतल्या दुसऱ्या वाड्या’ एवढे लिहून पाहिले, कारण ज्यावर मराठी अक्षर सरळ उमटत नाही तो फोन मला फुकटही नको. दोन्हींवर उमटले. अखेर मी अँड्रॉइड घेतला, आणि त्याचे कारण किंमत हे दुय्यम होते. गावी माझी थोरली बहीण एकटी असते, तिच्याजवळ भाच्याने दिलेला अँड्रॉइड आहे, आणि “आप्पा, आता कुठं दाबू?” असा तिचा प्रश्न आठवड्यातून केव्हाही येतो. माझ्यासमोर तसाच पडदा असेल तर मला सांगता येते. प्रणालीची निवड याहून सबळ कारणाने कोणी करीत असेल असे मला वाटत नाही.

यापुढे कोणत्याही कंपनीच्या नावावर मन गुंतवायचे नाही, असे मी त्या दिवशी दुकानातच पुतण्याला बजावले होते. आज स्थिती अशी आहे की मुलीने माझ्या फोनला नाव ठेवले तर मी तिच्याशी तावातावाने वाद घालतो, आणि त्या वादात माझे मन पूर्णपणे असते. निष्ठा हा मनुष्याच्या स्वभावाचा भाग असावा. तिला जागा मिळाली नाही तर ती हाताशी असेल त्या वस्तूवर बसते. मात्र नवा फोन घेणाऱ्यास माझे आग्रहाचे सांगणे आहे की छायाचित्रे कशी येतात हे विचारण्याआधी सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत मिळतील हे विचारावे. आता काही उत्पादक ती मुदत उघड सांगतात. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या एस २४ पासून सात वर्षांचे वचन दिले आहे. स्वस्त फोनांना ते मिळत नाही, आणि स्वस्त फोन घेणारेच बहुसंख्य आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि बँकांविषयी एक मागणी आहे. जे काम ॲपवर होते ते प्रत्येक शाखेत एका खिडकीवर, माणसाच्या हातून, कोणताही फोन न विचारता झालेच पाहिजे, आणि नकार द्यावयाचा तर तो कारणासह लेखी दिला पाहिजे. मी स्वतः आता ठेवींची कामे घरबसल्या या फोनवर करतो, ती सोयीची वाटतात, आणि शाखेत गेल्याला पुष्कळ महिने झाले, हे खरे आहे. पण त्या बाकावर बसलेल्या बाईची गरज माझ्या सोयीने भागत नाही. म्हणून तो अर्ज मी मागे घेतलेला नाही, आणि त्याची शिक्क्याची प्रत जोडून वरच्या कचेरीकडे पुन्हा लिहिले आहे.