करखात्याचा कान

मैफल कोणती आणि नुसता नाच कोणता, हा वाद रसिकांनीं घालावा. जर्मनींत तो करखात्यानें घातला. मैफलीच्या तिकिटावर कर शेंकडा 7, क्लबांतल्या नाचाच्या तिकिटावर 19. रात्रभर टेक्नो वाजविणारा डीजे वादकच नव्हे, तो नुसत्या तबकड्या लावतो, असें खात्याचें म्हणणें. म्युनिकच्या सर्वोच्च वित्त-न्यायालयानें 2020 सालीं तें नाकारलें: तबकडीयंत्र आणि मिक्सर हींच त्याचीं वाद्यें, त्यांतून तो स्वतःचा नवा नाद घडवितो. आम्हांस हें पटतें. दोन तबकड्यांची गति बोटानें कमीजास्त करून लय सांधणें, हें कानाचेंच काम. क्लबांत कित्येक जण मद्यासाठींच येतात, हें खरें. पण मैफलींत घोरणारे काय थोडे असतात?