हरवलेले राक्षस

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. दास्तानीतला 'देव' म्हणजे अक्राळविक्राळ राक्षस आणि मराठीतला देव म्हणजे ईश्वर, याची मुलांना मोठी गंमत वाटते. राक्षस पडद्यावर कुठे पाहिला, असे विचारले की मुले इंग्रजी चित्रपटांची नावे घेतात. ते याच कोल्हापुरात तयार होत, हे त्यांना ठाऊक नाही. दोष त्यांचा नाही. दाखवायला आमच्याकडे काही उरलेलेच नाही.

बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध पाहून प्रेक्षक हादरून गेले. १९२१ साली मायावी घटोत्कचाच्या आख्यानावरचा 'सुरेखाहरण' आला. आज हे दोन्ही मूकपट उपलब्ध नाहीत. त्या काळची नायट्रेटची फिल्म झटकन पेट घेई, नाहीतर आपोआप सडे. पुष्कळांनी तर ती चांदी काढण्यासाठीच विकली. १९२७ च्या 'मुरलीवाला'चा काही भाग वाचला.

त्या कंपनीत पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले एक कलावंत होते कागलचे शेख फत्तेलाल, सर्वांचे साहेबमामा. पुढे ते प्रभातच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि दामल्यांच्या जोडीने त्यांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. पुराणातले महाल आणि दरबार उभारणाऱ्या त्या हातांना कुणी धर्म विचारला नाही. साहेबमामा १९६४ साली गेले. त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. पी. के. नायर यांनी तिथे गावोगाव फिरून जुन्या फिती गोळा केल्या. पण तोवर पुष्कळ काही नष्ट झाले होते.

मग शोधायचे तरी काय? अमेरिकेतल्या 'लंडन आफ्टर मिडनाइट' या १९२७ च्या भयपटाची शेवटची ज्ञात प्रत १९६५ च्या आगीत जळाली. २००२ साली तिकडच्या लोकांनी नुसती स्थिरचित्रे जुळवून त्याची कथा पुन्हा पडद्यावर उभी केली. म्हणजे एक फोटोसुद्धा मोलाचा असतो.

म्हणून आम्ही मुलांना सांगतो, घरातल्या जुन्या ट्रंका उघडा. कोल्हापुरात कुणाचे आजोबा सुतार होते, कुणाचे रंगारी, कुणाचे शिंपी. एखादी जाहिरात, पगाराची चिठ्ठी, मुखवट्याचा फोटो सापडला तर रद्दीवाल्याला देऊ नका, आम्हाला दाखवा. या शहराच्या कलेत आपले काय, असा प्रश्न उद्या या मुलांना कुणी विचारील. तेव्हा उत्तर त्यांच्या हातात असले पाहिजे.