वारशात आलेली तारीख

व्यापाऱ्याच्या घरातील कर्ता पुरुष गेला आणि सांत्वनाला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली, की पेढीवरच्या वह्या उघडल्या जातात. येणे, देणे, गोदामातील माल, बँकेतील ठेवी यांची मोजदाद होते. एक गोष्ट मात्र पुष्कळदा नजरेतून सुटते, ती म्हणजे दिवाणी न्यायालयात चालू असलेला दावा. पुढची तारीख काय, वकील कोण, हे फक्त गेलेल्या माणसालाच ठाऊक असते.

कायदा मात्र शोकासाठी थांबत नाही. दाव्याचा हक्क मृत्यूनंतरही टिकणारा असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २२ प्रमाणे वारसांची नावे अभिलेखावर घ्यावी लागतात. त्यासाठीची मुदत मृत्यूच्या दिवसापासून ९० दिवसांची असते. ती चुकली, तर गेलेल्या वादीपुरता दावा आपोआप संपतो आणि त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. तो पुन्हा जिवंत करण्यासाठी अर्ज करण्यास आणखी ६० दिवस मिळतात. त्यानंतर विलंबाचे सबळ कारण न्यायालयास पटवून द्यावे लागते. म्हणूनच वारसांनी वकिलास मृत्यूची खबर लगेच द्यावी.

प्रत्येक दावा मात्र वारशात येत नाही. उधारी, जमीन, भागीदारीतील हिशेब हे हक्क माणसामागे उरतात. अब्रूनुकसानीचा दावा मात्र अब्रू गमावलेल्या माणसाबरोबरच संपतो. मालाचे पैसे मुलाला मागता येतात. वडिलांच्या अपमानाची भरपाई मागता येत नाही. या भेदात मोठे शहाणपण आहे.

वारस प्रतिवादीच्या जागी उभा राहिला, तरी त्याची जबाबदारी मृताकडून हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. तो वादीच्या जागी असेल, तर त्याला स्वतःचा नवा वाद त्यात घुसडता येत नाही. मृताने जे मांडले, तेच त्याने पुढे न्यायचे असते. दुसऱ्याच्या शब्दाशी प्रामाणिक राहण्याची ही जबाबदारी आहे.

समाजाच्या दाव्याची गोष्ट निराळी. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराबाबत १९०५ मध्ये दोन्ही आम्नायांनी पूजेच्या वेळा ठरवून घेतल्या होत्या. तरीही १९१० मध्ये अकोल्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला आणि १९२९ मध्ये तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. वाद तेथेही मिटला नाही. १९८१ पासून बंद असलेले दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. १९१० मध्ये न्यायालयाची पायरी चढलेल्यांपैकी ते पाहण्यास कोणीही उरले नव्हते. अनेकांच्या वतीने लावलेला प्रातिनिधिक दावा एका माणसाच्या मृत्यूने संपत नाही. पिढ्या बदलतात, प्रकरण चालू राहते.

घरातील दाव्याच्या वारसाला मात्र निवड करता येते. नव्वद दिवसांत नाव लावणे म्हणजे शेवटपर्यंत लढण्याची शपथ नव्हे. निर्णयाचा अधिकार हातातून निसटू न देणे, एवढाच त्याचा अर्थ. नाव लागल्यावर कागद शांतपणे वाचावेत, येणे खरोखर किती आणि खर्च किती याचा जमाखर्च मांडावा. तडजोड शक्य असेल, तर लोकअदालतीचा मार्ग खुला आहे. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील होत नाही आणि भरलेले न्यायालय शुल्कही परत मिळते.

वडिलांचे येणे सोडून देणे हे औदार्य असेलच असे नाही. त्यात विधवा आईचा आणि धाकट्या भावंडांचाही वाटा असतो. हक्क जपण्यासाठी समोरच्या घराशी वैर जपावे लागत नाही. अभिलेखावर वारसाचे नाव चढते ते हक्कासाठी. अबोला पुढे न्यावा, असे कोणतेही कलम सांगत नाही. संवत्सरीला ज्या घरी क्षमा मागायला जायचे, त्या घराशी न्यायालयात तारीख असली, तरी दोन्ही ठिकाणी जाता येते.